निरोप कोणाच्या फोनवर

लिंबोळ्या पिकून रस्त्यावर पडायला लागल्या की त्यांचा वास सगळीकडे भरतो. लोकांना या वासानं गाव आठवतं, सुट्ट्या आठवतात. मला अर्ज आठवतात. दहावीचा निकाल लागलेला असतो, ऊन उतरायचं नाव घेत नाही, आणि जालन्यात झेरॉक्सच्या आणि फोटोच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. तेल लावून चापूनचोपून वेण्या घातलेल्या पोरी स्टुलावर बसून कॅमेऱ्याकडे बघत असतात, आणि शेजारी त्यांच्या आया दाखल्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या असतात. यंदाही तेच चाललंय. परवा सकाळी दहा वाजता वसतिगृहाचा अर्ज सुरू झाला आणि मी चहा समोर ठेवून तो गार होईपर्यंत पडद्याकडे बघत बसले.

मी वेबसाइट बनवते. बियाण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत माझं ऑफिस आहे. खालून दिवसभर पोती आपटल्याचे आवाज येतात आणि वर मी मोसंबीच्या व्यापाऱ्यांना समजावत असते, की पान उघडल्यावर गाणं वाजलंच पाहिजे असं काही नाही. पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आले तेव्हा मला वाटायचं की मला सगळं कळतं. स्वभाव माझा मुळातच तसा. अम्मी म्हणते, ही पोरगी प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देते. ते खोटं नाही, आणि या लेखात पुढं जे घडतं त्याचं मूळही तिथंच आहे.

हे वसतिगृह अकरावी-बारावीच्या मुलींचं आहे, एका छोट्या संस्थेचं. तिथल्या अधीक्षिका गायकवाड बाई. बोलणं मोजकं, साडीला कायम एक सेफ्टी पिन जास्तीची टोचलेली. तीन वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे आल्या ते एकच गाऱ्हाणं घेऊन. घनसावंगीकडची, भोकरदनकडची माणसं अर्ज न्यायला एकदा येतात, भरून द्यायला दुसऱ्यांदा आणि यादी बघायला तिसऱ्यांदा. तीन वेळा रोज बुडतो, आणि तिसऱ्या वेळी यादीत नाव नसलं की बाप माणूस पोरीच्या पुढं पुढं स्टँडकडे चालायला लागतो. बाईंना ते बघवत नव्हतं. यातल्या दोन फेऱ्या वाचव, एवढंच त्या म्हणाल्या.

मी पहिल्यांदा जे बनवलं ते बघण्यासारखं होतं. इमारतीचे सरकते फोटो, हसणाऱ्या मुली, हळूहळू उमटणारी अक्षरं. माझ्या खोलीत ते झकास चाललं. मग परतूरला घरी गेले असताना स्टँडवर उभी राहून अम्मीच्या जुन्या फोनवर उघडून बघितलं, तर पांढऱ्या पानावर एक गोल फिरत राहिला. परभणीची गाडी आली, भरली, गेली, तरी तो फिरतच होता. मी तिथल्या तिथं ठरवलं, की यातलं सगळं काढून टाकायचं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी भाजी निवडायला बसावं तशी बसले. फोटो काढले. फोनमध्ये आधीपासून असतं तेच अक्षर वापरलं, वेगळं उतरवून घ्यावं लागणारं नाही. पाच पानांचा अर्ज एका पानावर आणला. आकडे मराठीत लिहिले तरी चालतील आणि इंग्रजीत लिहिले तरी, अशी सोय केली. मधेच रेंज गेली तर भरलेलं पुसलं जाऊ नये, ही काळजी घेतली. पुण्यातल्या मैत्रिणीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, हे तर पंधरा वर्षांपूर्वीचं वाटतंय. मला त्याचा राग यायला हवा होता. माझ्या अंगावर उलट मूठभर मांस चढलं.

आणि पासवर्ड ठेवला नाही. पासवर्ड लोक विसरतात. मग ज्याचा त्याचा अर्ज ओळखायचा कसा? मोबाईल नंबरावरून. अर्जात काही चुकलं तर तोच नंबर टाकून पुन्हा भरा, नवी माहिती जुनीच्या जागी बसेल. किती सोपं. हिरवी बरोबरची खूण यायची आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘तुमची माहिती मिळाली.’ पहिल्यांदा भरलं तरी तेच, बदललं तरी तेच. दोन वेगळी वाक्यं मी मुद्दाम ठेवली नाहीत. उगाच गोंधळ कशाला, असा विचार केला. व्यवहारी निर्णय घेतला की मला फार बरं वाटतं. तेव्हाही वाटलं होतं.

अर्ज सुरू झाले. नावं एकेक करून पडद्यावर यायला लागली, राजूरची, परतूरची, कुठल्या कुठल्या तांड्यावरची. प्रत्येक नावामागं एक वाचलेली फेरी दिसायची मला. पोती आपटत होती, पंखा गरम हवा ढवळत होता आणि मी स्वतःवर खूश होते. आता ते आठवलं की लाज वाटते, पण त्या सकाळी मी खरोखर सुखात होते हेही खरं.

यादी लागली त्या बुधवारी दुपारी गायकवाड बाईंचा फोन आला. घनसावंगीच्या पुढच्या एका गावातून निशा नावाच्या मुलीचे वडील विचारत होते, की आमच्या वस्तीतल्या सात पोरींचे अर्ज गेलेत, मग मुलाखतीच्या यादीत एकच नाव कसं? सगळे अर्ज एकाच फोनवरून भरले म्हणून त्यांनी एकच नंबर दिला होता, तो मी शोधला. अर्ज एकच होता, पल्लवी नावाच्या मुलीचा. मी बाईंना लगेच सांगितलं, की मशीनमध्ये एकच आहे, बाकीचे भरलेच नसतील. गडबडीत शेवटचं बटण दाबायचं राहून जातं लोकांचं. बाईंनी विचारलं, नक्की का? मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही.

प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर.

माझं ते वाक्य दुपारी जालन्यातून निघालं आणि ऊन उतरायच्या आत वस्तीत पोचलं. तिथं काय झालं ते मला नंतर कळलं. त्या वस्तीत पिठाची गिरणी चालवणारी एक बाई आहे. नाव रत्ना, सगळे रत्नाक्का म्हणतात. बारावीपर्यंत शिकलेली, अक्षर चांगलं, हातात बरा फोन. त्यामुळं वस्तीतल्या कुठल्याही कागदावर नंबर रत्नाक्काचाच असतो. गॅसचा मेसेज तिच्या फोनवर, शाळेचा निरोप तिच्या फोनवर, दवाखान्याची तारीख तिच्या फोनवर. दळण घ्यायला आलेल्या माणसाला ती डब्याबरोबर निरोप देते. ही तिथली रीत आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तर अर्जाच्या दिवशी सकाळी सातही पोरी गिरणीच्या ओट्यावर जमल्या. रत्नाक्कानं गिरणी बंद ठेवून एकेकीचा अर्ज भरला. आधी निशाचा, मग शेख मामूंच्या सानियाचा, मग बाकीच्या चौघींचे. प्रत्येकीला हिरवी खूण दाखवली, प्रत्येकीची आई खूण बघून घरी गेली. आणि स्वतःच्या पल्लवीचा अर्ज तिनं सगळ्यांत शेवटी भरला. पंगतीत वाढणारी बाई घरच्यांना शेवटी वाढते, तसंच हे. तिला तो विचारही करावा लागला नसेल.

आणि म्हणूनच फक्त पल्लवीचं नाव उरलं.

वस्तीला जे दिसलं ते साधं होतं. सहा घरच्या पोरी गायब आणि जिच्या हातात फोन, तिची पोरगी यादीत. त्यातून जालन्याहून निरोप आलेला, की मशीनमध्ये एकच अर्ज आहे. निशाचे वडील गिरणीसमोर उभे राहून एवढंच बोलले म्हणे, “अक्का, इस्वास ठिवला व्हता.” दुसऱ्या दिवसापासून बायका दळण घेऊन दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या गिरणीत जायला लागल्या. रत्नाक्कानं गुरुवारी गायकवाड बाईंना फोन केला आणि यादीतून पल्लवीचं नाव काढायला सांगितलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी मी परतूरला घरी गेले होते. अब्बा गादीवाले आहेत. बाजारात आलेली सरकी काढलेली रुई घेऊन पिंजायची, भरायची, टाके घालायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दुपारी ते अंगणात एका गादीला टाके घालत होते आणि मी जेवताना या गावाची गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगत होते. लोकांना साधं बटण दाबता येत नाही वगैरे. एकाच नंबरावरून सात अर्ज भरले म्हणतात, कसं शक्य आहे? अब्बांची लांब सुई गादीतच थांबली.

“बेटा,” ते म्हणाले, “तेरे फारम पे नंबर किसका रहता था?”

माझ्या फॉर्मवर नंबर असायचा समोरच्या मेडिकलवाल्या काकांचा. पहिलीपासून डिप्लोमापर्यंत. आमच्याच नाही, आमच्या गल्लीतल्या आठ-दहा घरांच्या पोरांच्या फॉर्मवर तोच नंबर. पाठ होता आम्हाला, पाढ्यांसारखा. डिप्लोमाला माझा नंबर लागला तो फोनही त्यांनाच आला होता. भर दुपारी काका दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडून आले होते, पायात चप्पल नव्हती, डांबर तापलेलं, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं होतं. तो फोन मी विसरले नव्हते. तो नंबर आजही मला येतो. तरी मी मोबाईल नंबर म्हणजे एक माणूस असं धरून चालले. चार वर्षं पुण्यात राहून मी हे कुठं हरवून आले, ते मला सांगता येत नाही.

जेवण टाकून मी लॅपटॉप उघडला. प्रत्येक अर्जापुढं दोन वेळांची नोंद असते. अर्ज पहिल्यांदा कधी आला ती, आणि शेवटचा बदल कधी झाला ती. पल्लवीचा अर्ज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आला होता आणि शेवटचा बदल एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना झाला होता. एका पोरीचा अर्ज भरायला अडीच तास लागत नाहीत. रत्नाक्कानं सात अर्ज भरले होते. माझ्या पानानं प्रत्येक वेळी आधीची पोरगी पुसून तिथं पुढची लिहिली होती आणि प्रत्येक वेळी हिरवी खूण दाखवली होती. पुसलेलं परत येणार नव्हतं. जुनं साठवून ठेवायची गरज नाही, हाही माझाच निर्णय होता.

मी लॅपटॉप मिटला आणि फोन हातात घेतला.

गायकवाड बाईंना फोन करून मी सगळं सांगितलं. डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, मुलाखती सोमवारी आहेत, सहा अर्ज उद्या संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या टेबलावर आले तर मी घेईन. मी विचारलं, तुम्ही गावात फोन करून सांगता का? त्यावर त्यांनी पल्लवीचं नाव काढायला सांगणाऱ्या रत्नाक्काच्या फोनबद्दल मला सांगितलं, आणि म्हणाल्या, “त्या बाईचं गावातलं नाव माझ्या फोननं गेलंय. फोननं परत येणार नाही. तू जा.”

शनिवारी सकाळी घनसावंगीच्या जीपमध्ये मी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या कोंबड्या, उघड्या खिडकीतून येणारी भट्टीसारखी हवा, रस्त्याकडेचा ऊस. दर थांब्याला ड्रायव्हर आणखी दोघांना कोंबत होता आणि मी घड्याळ बघत होते. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सर्व्हर, नोंद, ओळख क्रमांक. माझ्याकडे होते ते सगळे शब्द तिथं निरुपयोगी होते आणि चूक मात्र त्यांच्यातच झाली होती.

गिरणी कुठं आहे ते मला विचारावं लागलं. चालू गिरणी आवाजानं सापडते. ही बंद होती. दाराशी पीठ नव्हतं, पट्टा सैल लोंबत होता आणि ओट्यावर एक बाई रिकाम्या हातांनी बसली होती. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, काय झालं ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, त्यायला सांगा.

माणसं जमली. निशाचे वडील आले, शेख मामू आले, बायका पदर डोक्यावर ओढून लांब उभ्या राहिल्या. मी म्हटलं, समजा एकच पाटी आहे. अक्कांनी त्यावर निशाचं नाव लिहिलं. मग सानियाचं लिहायला गेल्या तेव्हा पाटीनं निशाचं नाव आपोआप पुसलं आणि अक्कांना दिसू दिलं नाही. शेवटी लिहिलेलं तेवढं राहिलं. अक्कांनी स्वतःच्या पोरीचं शेवटी लिहिलं म्हणून ते राहिलं. पहिल्यांदा लिहिलं असतं तर आज तेही नसतं.

निशाच्या वडलांनी विचारलं, “मंग मशीन खोटं बोललं का?”

“मशीन मीच बनवलंय,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. अक्कांची बिलकुल नाही.”

मला वाटलं होतं, कुणीतरी मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घड्याळात अकरा वाजले होते. मी ओट्यावर अर्ज मांडले आणि पोरींना बोलावलं. पाच आल्या. सानिया नव्हती. शेख मामू म्हणाले, यादीत नाव नाही म्हटल्यावर तिच्या अम्मीनं तिला काल सकाळीच खालाकडे, मावशीकडे, परभणीला पाठवलं, तिकडच्याच कॉलेजात नाव घालून राह्यलेत. “बराबर अभ्यास करनारी पोरगी व्हती,” एवढं म्हणून ते खाली बघायला लागले. सानियाचा कोरा अर्ज मी घडी करून पिशवीत ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे.

मी निशाचा अर्ज लिहायला घेतला. नाव, गुण, पत्ता. मग मोबाईल नंबरची रेघ आली आणि मी विचारलं, कोणाचा टाकू?

रत्नाक्का चार हातांवर बसली होती. निशाच्या वडलांनी तिच्याकडे बघितलं. मग दुसऱ्या गल्लीतल्या कुणा भाच्याचा नंबर सांगितला. पुढच्या पोरीच्या आईनं तोच सांगितला. पाचही अर्जांवर तोच नंबर पडला. चूक माझी आहे हे त्यांना समजलं होतं, मी लेखी दिलं असतं तरी याहून जास्त समजलं नसतं. पण तीन दिवस जे बोलून झालं होतं ते गिळून पुन्हा तिच्या दारात उभं राहायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. रत्नाक्का उठून आत गेली.

निघताना मी तिला विचारलं, पल्लवीला मुलाखतीला पाठवणार ना? ती लोंबणारा पट्टा वर अडकवत म्हणाली,

“जाईल ती. तिची काय चूक? पन ताई, तुमी चूक झाली म्हून आल्त्या, सांगून चालल्या. मला हितंच ऱ्हायचंय.”

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी गायकवाड बाईंच्या टेबलावर अर्ज ठेवले. निशाची निवड झाली, पल्लवीची झाली, आणखी दोघींची झाली. निकाल म्हणून बघितलं तर वाईट नाही. मी मात्र त्याच आठवड्यात अर्ज पुन्हा लिहायला घेतला.

आता एका नंबरावर कितीही पोरी मावतात. दुसरा अर्ज आला तर पान आधी विचारतं, ही नवीन मुलगी आहे की आधीच्याच अर्जात बदल करायचाय? जुनं काही पुसलं जात नाही. आणि ‘मोबाईल नंबर’ ही रेघ काढून तिथं प्रश्न टाकलाय, ‘निरोप कोणाच्या फोनवर द्यायचा?’ खाली दोन रिकाम्या जागा, एक नावाला, एक नंबराला. पुण्याची मैत्रीण म्हणाली, एवढं मोठं वाक्य कशाला? तिला समजावत बसले नाही. ते वाक्य तयार करायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला होता. अर्ज हलका करणं, फोटो काढणं, अक्षर निवडणं हे सगळं कुठल्याही शहाण्या माणसाला जमतं. पण तिथं माणसं एकमेकांना कशी धरून असतात, हे मला आधीपासून माहीत होतं आणि तरी मी ते विचारात घेतलं नाही, याचं दुःख जात नाही.

मेडिकलवाले काका गेल्या हिवाळ्यात वारले. अब्बा त्यांच्या तेराव्याला गल्लीतल्या सगळ्यांबरोबर बसून आले. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून काकांचा तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला. आता तो कुणी उचलत नाही, हे त्यांना माहीत आहे.

त्या प्रकारानंतरच्या पहिल्या वर्षी मी गिरणीचा नंबर यादीत शोधला. नव्हता. त्या वस्तीतले अर्ज आले ते भाच्याच्या नंबरावर. गेल्या वर्षीही नव्हता. निशा बारावी होऊन बाहेर पडली, पल्लवी नर्सिंगला गेली, गिरणी पुन्हा सुरू झाल्याचं गायकवाड बाईंकडून कळलं. दळण परत आलं होतं, नंबर आला नव्हता.

परवा दहा वाजता अर्ज सुरू झाला. साडेदहाच्या सुमारास त्या वस्तीतला पहिला अर्ज आला. निशाच्या धाकट्या बहिणीचा. मी सवयीनं खालच्या रेघेकडे बघितलं. निरोप कोणाच्या फोनवर द्यायचा? ‘रत्नाक्का, गिरणी.’ आणि पुढं तो नंबर.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. अकराला दुसरा आला. मग तिसरा. मग बराच वेळ काही नाही. खाली पोती आपटत होती, मी पाणी प्यायलाही उठले नाही. बाराच्या पुढं चौथा आला. प्रत्येक वेळी मी पडद्यावरच्या यादीत वर जाऊन आधीचे जागेवर आहेत का ते बघत होते. प्रोग्राम मीच लिहिलाय, मीच शंभरदा तपासलाय, तरी बघत होते.

एक वाजून पाच मिनिटांनी पाचवा आला. आईचं नाव रत्ना. तिच्या धाकट्या मुलीचा अर्ज, सगळ्यांत शेवटी.

मी यादीत वर गेले आणि मोजले. चारही जागेवर होते.